फूटपट्टीएवढी जहाजं आणि गोव्याचा पावसाळा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वास्कोचे. मुलासाठी म्हणून आणलेलं १/३५० मापाचं ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचं मॉडेल शेवटी स्वतःच करायला घेतलंत, सोबत पितळी कठड्यांची पानं, म्हणजे बारीक भाग कापून ठेवलेले पातळ पत्रे, तीही मागवलीत. जूनमध्ये मारलेला राखाडी रंग पांढुरका पडला, कठडे जहाजापेक्षा बोटांनाच जास्त चिकटले, आणि तेव्हापासून जहाज कपाटावर आहे. तुम्ही विचारताय की रंग का बिघडला, कठडे सरळ कसे बसवायचे, बारकावे कुठवर करत जायचे, आणि पुढचं मॉडेल १९६१ च्या गोवा मुक्तीच्या लढाईतल्या पोर्तुगीज युद्धनौकेचं, ‘अफोंसो द अल्बुकेर्क’चं करायचं मनात आहे ते झेपेल का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. झेपेल. उलट ‘बिस्मार्क’पेक्षा सोपं जाईल.

‘बिस्मार्क’ २५१ मीटर लांब, म्हणजे १/३५० ला जवळजवळ ७२ सेंटिमीटर. त्यावर पंधरा-वीस सारख्याच छोट्या तोफा, तेवढ्याच होड्या, आणि सगळे मजले धरले तर कठडाच दोन-अडीच मीटर लावावा लागतो. नवशिक्या माणूस कौशल्य नसल्यामुळे थांबत नाही, तो तेच तेच काम करून कंटाळतो. ‘अफोंसो’ सुमारे १०३ मीटरची. याच मापात साडेएकोणतीस सेंटिमीटर, शाळेतल्या फूटपट्टीएवढी. तिच्यावर चालून आलेल्या आपल्या नौदलाच्या ‘बेटवा’ आणि ‘बियास’ जवळजवळ तेवढ्याच लांबीच्या. आणि तुमच्या वास्कोतच गोवा शिपयार्डने बांधलेली ‘सरयू’ १०५ मीटरची. म्हणजे गोव्याशी नातं असलेली चार जहाजं एकाच मापात, एकाच फळीवर मावतात. मी स्वतः जहाजबांधणीच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य काढलं, आणि मॉडेलं करतोय त्याला तीसेक वर्षं झाली. एवढ्यात मोठ्या आकाराची अर्धवट राहिलेली जहाजं इतकी पाहिलीत की पहिलं पूर्ण मॉडेल शंभर मीटरच्या आतबाहेरचंच करा, असं मी सगळ्यांना सांगतो.

आता बारकाव्यांचा प्रश्न. ‘डिटेलिंग किती’ याचं उत्तर कठड्यांत आणि दोऱ्यांत शोधू नका. आधी तारीख ठरवा. युद्धनौका म्हणजे सतत बदलत राहणारी वस्तू. दर दुरुस्तीला एखादी तोफ जाते, रडार येतं, होडी इकडची तिकडे होते. तारीख ठरली नाही तर तुम्ही वेगवेगळ्या वर्षांचे फोटो बघून बारकावे जमवता आणि कधीच अस्तित्वात नसलेलं जहाज तयार होतं.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझं पहिलं बरं मॉडेल ‘आयएनएस दिल्ली’चं होतं. ही मूळची ‘अकिलीस’, लिअँडर वर्गातली क्रूझर, १३ डिसेंबर १९३९ ला रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मन ‘ग्राफ स्पे’शी लढलेली. १९४८ साली ती आपल्याकडे आली. तिच्या बहिणीचं, ‘एजॅक्स’चं, एअरफिक्स कंपनीचं १/६०० चं किट मिळायचं. मी ते आणलं, मन लावून केलं, पाटीवर ‘दिल्ली, दीव, डिसेंबर १९६१’ असं लिहिलं आणि दिवाणखान्यात ठेवलं. एकदा शेजारच्यांकडे आलेले एक निवृत्त नौसैनिक सहज डोकावले. मिनिटभर पाहिलं आणि म्हणाले, “छान केलंय. पण दिल्लीवर एवढ्या तोफा नव्हत्या हो.” बरोबरच होतं त्यांचं. १९४३ च्या जानेवारीत ग्वाडलकॅनालजवळ जपानी बॉम्बने ‘अकिलीस’चा मागचा वरचा टरेट, म्हणजे तोफांचा फिरता बुरूज, निकामी केला, आणि पुढच्या दुरुस्तीत तो काढूनच टाकला. ‘दिल्ली’वर चारऐवजी तीन टरेट, आठऐवजी सहा तोफा. मी दोऱ्या केसाएवढ्या बारीक ओढत बसलो होतो आणि आख्खा टरेट जास्तीचा लावला होता.

तेव्हापासून माझा नियम आहे: टरेट, डोलकाठ्या, रडार, निशाण हे आधी तारखेशी ताडून बघायचं, मगच पितळेला हात लावायचा.

निशाणाचं तर विशेष सांगतो, कारण ते चार मिलिमीटरचं असलं तरी बघणारा पहिल्यांदा तेच बघतो. १९६१ च्या आपल्या जहाजावर पांढऱ्या निशाणावर तांबडा क्रॉस आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा हवा. १९५० पासून तेच होतं. २००१ मध्ये क्रॉस गेला आणि निळं बोधचिन्ह आलं. २००४ मध्ये क्रॉस परत आला, मधोमध अशोकस्तंभ घेऊन. २०१४ मध्ये त्याखाली ‘सत्यमेव जयते’ आलं. आणि २ सप्टेंबर २०२२ ला नवी ‘विक्रांत’ सेवेत आली त्या दिवशी क्रॉस कायमचा जाऊन निळी अष्टकोनी मुद्रा आली. ‘सरयू’ २०१३ च्या जानेवारीत सेवेत आली. म्हणजे तिच्या पहिल्या दिवसाचं मॉडेल आणि आजचं मॉडेल यांत निशाण वेगळं. मी निशाण साध्या पातळ कागदावर छापतो, मागून फेव्हिकॉलचा पातळ हात देतो आणि ओलं असतानाच पेन्सिलीवर तिरकं गुंडाळून त्याला वाऱ्याच्या घड्या पाडतो. सपाट निशाण म्हणजे पत्र्याचा बोर्ड.

‘अफोंसो’साठी तारीख आयतीच आहे: १८ डिसेंबर १९६१, दुपारची वेळ. ती मुरगाव बंदरात होती, ‘बेटवा’ आणि ‘बियास’ चालून आल्या, तोफांची झटापट झाली आणि शेवटी ती बांबोळी-दोनापावलाच्या किनाऱ्याजवळ रेतीवर चढवली गेली. एरवी गरम प्रदेशात नांगरावर उभ्या असलेल्या जहाजावर डेकभर कापडी छत ताणलेलं असतं, शिड्या खाली सोडलेल्या असतात, होड्या बाजूला बांधलेल्या असतात. लढाईच्या दिवसाचं मॉडेल करायचं तर यातलं काही नको. छत नको, शिड्या वर, तोफा एकाच बाजूला वळलेल्या. काही बारकावे न लावणं हाही बारकावाच असतो, आणि तो फुकट मिळतो.

तिचं मोठ्या कंपनीचं प्लास्टिक किट मला कधी दुकानात दिसलं नाही, म्हणून ती हातानेच करायची. घाबरू नका. ती १९३४ साली इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी हॉथॉर्न लेस्लीच्या गोदीत पाण्यात उतरली, तेव्हा बांधणी रिव्हेटची, आकार साधा, बाजू बऱ्यापैकी सरळ. रुंदी साधारण साडेतेरा मीटर, म्हणजे १/३५० ला ३८-३९ मिलिमीटर. पाण्यावरचाच भाग करायचा. ओळखीच्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, शिवण लाकडाची नीट वाळलेली फळी आणा. साग नको, त्याचे रेषे जाड आणि तेलकट. फणस या कामाला कठीण. शिवण तासायला मऊ आणि पावसाळ्यात फारसं हलत नाही, म्हणूनच इतकी वर्षं मी तेच वापरतोय. आडव्या थरांनी रचून चिकटवायचं, नकाशातल्या आडव्या छेदांचे साचे पोस्टकार्डात कापून घ्यायचे, आणि पटाशीने जाड काढून कानशीने व पॉलिश पेपरने साच्यापर्यंत आणायचं. मग सँडिंग सीलरचे तीन हात, मध्ये भेगा बुजवायची लांबी (पुट्टी), पुन्हा पॉलिश पेपर. लाकडाचे रेषे रंगाखालून दिसले की जहाज फर्निचर वाटायला लागतं.

रिव्हेटच्या जहाजावर पत्रे एकमेकांवर चढलेले असतात. दहा-बारा मिलिमीटर जाडीचा पत्रा १/३५० ला किती होतो? तीन शतांश मिलिमीटर. म्हणजे प्रायमरचा एक बरासा थर. त्यासाठी खोदकाम करू नका: बारीक मास्किंग टेपच्या पट्ट्या लावा, प्रायमरचे दोन हात मारा, टेप काढा. जो कडा राहतो तोच पत्र्याचा सांधा. खोदलेल्या रेषा बघितल्या की मला फरशीची आठवण येते.

याच्या उलट ‘सरयू’. ती वेल्डिंगची, तिला असे सांधेच नाहीत. तिच्यावर फार तर उन्हात तिरप्या नजरेने आतल्या फ्रेमांच्या जागी पत्रा किंचित खोलगट दिसतो. हल्ली मॉडेलवाल्यांत हा खोलगटपणा दाखवायची साथ आली आहे, सगळी बाजू उपाशी बैलाच्या बरगड्यांसारखी करून ठेवतात. मी खरे पत्रे मोजलेला माणूस आहे. एक सेंटिमीटर आत गेलेला पत्रा म्हणजे निरीक्षक लगेच खडूने गोल करणार, आणि मॉडेलवर तो होणार पुन्हा तीन शतांश मिलिमीटर. नखाला जाणवला तरी जास्त झाला.

‘अफोंसो’च्या मुख्य तोफा चार, १२० मिलिमीटरच्या, एकेकट्या, ढालीमागे. नळीचं तोंड बाहेरून २०० मिलिमीटर धरलं तर आपल्याला ०.५७ मिलिमीटर लागतात. औषधाच्या दुकानात मिळणारी २४ गेजची सुई बाहेरून बरोबर ०.५७ ची असते आणि तिचं आतलं भोक ०.३१ चं. १२० ला ३५० ने भागलंत तर ०.३४ येतात. म्हणजे पाच-सात रुपयांत तोफेची नळी, भोकासकट. टोक बारीक कटर-चकतीने कापायचं, चिमट्याने मोडू नका, भोक चेपतं. ढाली पाव मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटच्या.

पोर्टहोल, म्हणजे बाजूच्या गोल खिडक्या, एक मिलिमीटरच्या ड्रिलने, पण आधी सुईने खूण करून. सरळ रांगेत येत नसतील तर टेपवर अंतरं आखून टेपच चिकटवा आणि त्यातून भोकं पाडा. मी पहिल्यांदा अंदाजाने पाडली होती, मुंग्यांची रांग झाली होती. प्रत्येक पोर्टहोलवर भुवईसारखी अर्धगोल पट्टी असते, बाजूने ओघळणारं पाणी आत येऊ नये म्हणून. ती १/३५० ला पितळी पानावर तयार मिळते. लावा की नको? जहाज हातभर अंतरावरून बघायचं असेल तर नाळेजवळच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळच्या, आठ-दहा लावा, बाकी सोडा. नजर नाळेकडून आत जाते आणि पुढचं मन भरून घेतं.

‘बेटवा’ करायला घ्याल तेव्हा एक मजा आहे. ती डिझेलवर चालणारी, ब्रिटिश टाइप ४१ आराखड्याची. तिला वेगळं धुराडं असं नाहीच. इंजिनांचा धूर जाळीदार डोलकाठ्यांच्या आतून वर काढलेला असतो. तुम्ही वास्कोच्या कुठल्याही म्हाताऱ्या खलाशाला ते चित्र दाखवा, तो आधी धुराडं शोधेल. या जाळीच्या डोलकाठ्या म्हणजे या जहाजाचा जीव. पितळी पानातून दुमडून केल्या तर सपाट दिसतात. मी ०.३ मिलिमीटरच्या पितळी तारेने करतो. लाकडाच्या तुकड्यावर चित्र चिकटवायचं, तारा टाचणीने पकडायच्या, आणि सोनारासारखा डाख द्यायचा. खरं तर अवजारंही सोनाराच्या दुकानातलीच घ्या. म्हापशात आणि मडगावात सोनारांचं सामान विकणारी दुकानं आहेत. तिथला चिमटा, बारीक कानस, करवतीची केसासारखी पाती यांची बरोबरी छंदाच्या नावाने विकली जाणारी महाग अवजारं करत नाहीत.

आता तुमच्या पांढऱ्या रंगाकडे. तुमचं काही चुकलं नाही, महिना चुकला.

लॅकर रंगातला थिनर भराभर उडतो. उडताना पृष्ठभाग गार होतो, घागरीच्या बाहेर पाणी सुटतं तसं हवेतलं बाष्प त्या गार रंगावर जमतं, आणि रंग वाळण्याआधी आत अडकतं. तोच पांढुरका थर. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्के असते, म्हणजे हे होणारच. बिघडलेला रंग खरवडू नका. कोरडा दिवस बघून त्याच कंपनीच्या थिनरमध्ये रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव) घालून नुसता हलका फवारा मारा. वरचा थर पुन्हा विरघळतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि दहापैकी आठ वेळा रंग जागेवर येतो. मॅट व्हार्निशचं मात्र असं होत नाही, ते एकदा दुधाळ झालं की झालं. म्हणून पावसाळ्यात मॅट व्हार्निश कधीच नाही.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर स्वस्त म्हणून वापरायचा मोह होईल. तो एअरब्रश (रंग फवारायचं पेनासारखं अवजार) धुवायला ठीक आहे. मॉडेलच्या प्लास्टिकवर पडला तर प्लास्टिकच वितळवतो.

कॉम्प्रेसरच्या नळीतून पाणी येतं तेही याच दिवसांत. टाकीजवळचा फिल्टर पुरत नाही, कारण गरम हवा नळीत गार होते आणि पाणी तिथे सुटतं. ब्रशच्या मुठीजवळ पाणी अडवणारा दुसरा छोटा ट्रॅप लावा. भिंतीवर साधारण तीन-चारशे रुपयांचा एक आर्द्रतामापक लावा. माझी रेघ ७० टक्के. त्यावर काटा असला की एअरब्रश कपाटात. एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर चालवून बघा, बराच फरक पडतो, पण खोली बंद ठेवून फवारणार असाल तर कार्बनवाला मास्क लागेलच, साधा कापडी नाही.

थोडक्यात माझं वर्ष असं चालतं: पावसाळ्यात लाकूड, पितळ, डाख आणि नकाशे. चवथीचे दिवस सुट्टीचे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत रंग. दिवाळीच्या आधी गल्लीतली पोरं नरकासुराचा पुतळा बांधायला सामान मागायला येतात तेव्हा माझी जुनी वर्तमानपत्रं आणि तार जाते, तो ऋतू बदलल्याचा इशारा.

सीए गोंदाची, म्हणजे क्षणात चिकटणाऱ्या सायनोअॅक्रिलेटची, गोष्ट थोडी उलटी आहे. तो हवेतल्या ओलाव्यानेच वाळतो. त्यामुळे पावसाळ्यात तुम्ही कठडा जागेवर नेईपर्यंत सुईच्या टोकावरचा थेंब खडा झालेला असतो, आणि मग तुम्ही दुसरा मोठा थेंब लावता, तो बोटाला लागतो. तुमच्या बोटांचं रहस्य हेच. बाटली डब्यात सिलिका जेलसोबत फ्रिजमध्ये ठेवा. काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर आतच पाणी धरतं. काम करताना एकच थेंब अॅल्युमिनियमच्या फॉइलवर, पाच मिनिटांनी तो फेकून नवा.

आणि खरं सांगायचं तर कठड्याला सीए फक्त पहिल्या आणि शेवटच्या खांबाला. मधले सगळे पाय पातळ केलेल्या ग्लॉस अॅक्रिलिक व्हार्निशने. ते हळू वाळतं, त्यामुळे कठडा हलवून सरळ करायला मिनिट-दोन मिनिटं मिळतात, आणि वाळल्यावर दिसत नाही. वरून मॅट आला की ताकदही पुरेशी.

क्रम असा ठेवा. पान सुट्टं करण्याआधी त्यावरच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून प्रायमर आणि रंग. कापताना काचेवर किंवा गुळगुळीत टाइलवर, गोल पात्याने लोळवत. कटिंगच्या हिरव्या मऊ चटईवर कापलंत की पितळ खाली दबून वाकतं. नाळेजवळ कठड्याला वक्र लागतो, तो आधी डेकच्या कडेवर कोरडाच धरून, ड्रिलच्या दांड्यावर हळूहळू वळवायचा. वळण नीट बसलं नसताना गोंदाच्या जोरावर ओढून बसवलेला कठडा दोन महिन्यांनी सुटतोच. पानं दोन प्रकारची येतात: खाली आडवी पट्टी असलेली आणि नुसते पाय असलेली. पट्टीवाली खऱ्या जहाजासारखी नसते, पण तुमच्यासाठी आत्ता तीच.

एक मीटर उंचीचा कठडा १/३५० ला २.९ मिलिमीटर. पितळ एक दशांश मिलिमीटर जाड धरलं तर मूळ मापात पस्तीस मिलिमीटर, म्हणजे तारेऐवजी नळाचा पाइप. त्यात वर ब्रशने रंग थापलात तर खांब काठीसारखे होणार. कठड्याला नेहमी एअरब्रशनेच, आणि तोही पातळ.

चुकीचा चिकटलेला कठडा अॅसिटोनने सोडवू नका. अॅसिटोन गोंद विरघळवतं आणि प्लास्टिकही. छोटा भाग असेल तर तो तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. गारव्याने सीए ठिसूळ होतो आणि नखाने टचकन निघतो. तुमची ‘बिस्मार्क’ फ्रीजरमध्ये मावणार नाही, पण वरचे मजले अजून चिकटवले नसतील तर ते सुटे ठेवता येतील.

दोऱ्यांबद्दल लोक अभिमानाने सांगतात, “मी केस वापरला.” माणसाचा केस साधारण सात शतांश मिलिमीटर. १/७०० च्या जहाजावर तो झाला ४९ मिलिमीटरचा दोर, म्हणजे बंदरात जहाज बांधायचा रस्सा डोलकाठीवर. १/३५० ला निम्मा, तिथे चालतो. मी किटचीच प्लास्टिकची कांडी मेणबत्तीवर मऊ करून ओढतो, हवी तेवढी बारीक होते आणि रंग धरते. लायक्राचा ताणणारा धागा मिळतो, तो हात लागला तरी तुटत नाही. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर तोच. माझ्याकडे दोन्ही नव्हतं, पण एका रात्री पाल ‘दिल्ली’च्या डोलकाठ्यांमधून पळाली आणि सकाळी सगळ्या एरियल खाली. तेव्हापासून काचेची पेटी आधी, दोऱ्या नंतर. पेटीखालची पाटी लाकडाची असेल तर खालून वाळवीचं औषध मारा. माझी एक सागाची म्हणून विकलेली पाटी सागाची नव्हती हे वाळवीनेच मला कळवलं.

जुनं दिसावं म्हणून गंज चढवायचा असतो, त्यात हात आवरा. मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्जेस बघून तुमचं डोकं गंजाच्या बाजूने झुकलेलं असणार, माझंही झुकलं होतं. बार्ज हा गंज शिकायचा उत्तम वर्ग आहे. कुठून ओघळतो, कुठे साचतो, कुठे नुसता डाग राहतो. पण युद्धनौकेवर खलाशी रोज कुठेतरी ब्रश घेऊन उभे असतात. तिच्यावर गंज दिसला तर नांगराच्या भोकाखाली आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या नळ्यांखाली. बाकी ठिकाणी राखाडीच्याच दोन-तीन छटांचे ताजे आणि जुने ठिगळ. तेलरंगाचा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, डेकवरच्या फटींत, उभ्या बाजूंवर फार कमी. आणि मूळ राखाडीत मी दहा भागांना एक भाग पांढरा घालतो. जहाज दुरून बघतोय असं वाटावं इतकंच.

समुद्र. ‘अफोंसो’साठी पाणी मी डिसेंबरचं करीन, झुवारीच्या तोंडाचं, हिरवट राखाडी. जुलैमध्ये तिथे जाऊन रंग ठरवू नका, तेव्हा ते चहासारखं तांबडं असतं. टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून सुरकुत्या पाडायच्या, वर अॅक्रिलिक रंग, वर ग्लॉस जेल. लाटा उंच करण्याचा मोह टाळा. दीड मीटरची लाट १/३५० ला चार मिलिमीटर, आणि खाडीच्या तोंडाशी शांत दिवशी तीही नसते. नाळेतून सुटणाऱ्या लाटांचा पंखा मात्र कोनमापकाने आखा: खोल पाण्यात तो मध्यरेषेपासून दोन्हीकडे साधारण साडेएकोणीस अंशांचा असतो, जहाज हळू असो की जोरात. वेग वाढला की फेस वाढतो, कोन तोच राहतो. हे एक बरोबर आलं की आयुष्यात समुद्र न बघितलेल्या माणसालाही मॉडेल चालल्यासारखं वाटतं.

नकाशे आणि फोटो. ब्रिटिश बांधणीच्या जहाजांचे नकाशे ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात मोठ्या प्रमाणावर आहेत, पण नकाशा जहाज पूर्ण झालं त्या दिवसाचा असतो हे विसरू नका. नंतरचं फोटोंवरून. पुढे कधी जुन्या ‘विक्रांत’कडे वळलात तर बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात तिच्यावरची खरी ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ विमानं उभी आहेत, वहीत मापं आणि रंग टिपून घ्या. आज बंदरात उभ्या असलेल्या जहाजांचे, नौदलाच्या किंवा शिपयार्डच्या कुंपणाआतले फोटो काढायला जाऊ नका. मॉडेलसाठी होते म्हणून कुणी ऐकून घेणार नाही.

सध्या करायचं एवढंच. शिवणाची फळी आणून ठेवा, थर कापायला हे दिवस चांगले. ‘बिस्मार्क’ला नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रंग लावू नका. ती कपाटावरून खाली काढून जुन्या सुती चादरीत गुंडाळा, वर्तमानपत्रात नको. या हवेत शाई रंगावर उतरते, आणि मग पांढऱ्या डागांवर मथळेही वाचायला मिळतात.